काशी : सासूबाई आणि दोन लहान मुलांसोबत – कसं जमवावं?

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीत काशीला जायचं घाटतंय. भाऊबीज आटोपली की मुंबईहून विमानाने निघायचं, चार-पाच मुक्काम करायचे. आम्ही दोघं, सासूबाई, सात वर्षांची लेक आणि अडीच वर्षांचा मुलगा. मोठ्या माणसांनी काशीत काय बघावं यावर भरपूर वाचून झालंय. लहान मुलांना घेऊन तिथे नेमकं कसं वावरायचं, ते मात्र कुठे सापडत नाही, म्हणून हा धागा.

‘काशीस जावे, नित्य वदावे’ म्हणत वाढलेल्या पिढीतल्या सासूबाई. विश्वनाथाचं दर्शन, गंगापूजन, गंगेचा गडू घरी आणून मावंदं घालणं, हे सगळं त्यांच्या मनासारखं व्हावं अशी माझी फार इच्छा आहे. त्यात मला काटछाट करायची नाही. त्यांचे गुडघे दुखतात, पायऱ्या हळूहळू चढतात. लेकीला अहिल्याबाईंचा घाट आणि ते कललेलं रत्नेश्वराचं देऊळ बघायचंय. मुलगा कडेवरून उतरला की पळत सुटतो, आणि घाटावर समोर पाणी!

माझ्या शंका :

राहायचं कुठे? दशाश्वमेध घाटाजवळ राहिलं तर देऊळ जवळ, पण गोदौलिया चौकाच्या पुढे गाड्या जात नाहीत म्हणे. मग सामान, झोपलेलं मूल आणि सासूबाई यांना गल्ल्यांतून कसं न्यायचं? बाबागाडी आणावी का?

दर्शनाच्या रांगेत अडीच वर्षांचं मूल किती वेळ टिकेल? आळीपाळीने जावं का?

संध्याकाळची गंगा आरती होडीतून बघावी की घाटावरून?

आणि ज्याचा मी सगळ्यात जास्त विचार करतेय ते म्हणजे मणिकर्णिका. लेक प्रत्येक गोष्टीबद्दल विचारते. दोन वर्षांपूर्वी तिचे आजोबा गेले, तेव्हा तिला फारसं सांगितलं नव्हतं. तिथे जळत्या चिता दिसल्या तर काय सांगायचं? की तो भाग टाळायचाच?

ज्यांनी मुलांसोबत काशी केली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद :

ताई, आधी तारखा बघा. भाऊबीजेनंतर चौथ्या दिवशी छठ येते. षष्ठीच्या संध्याकाळी आणि सप्तमीच्या पहाटे अर्घ्य द्यायला घाटांवर माणसांचा पूर लोटतो. पुढे कार्तिक पौर्णिमेला देवदीपावली. तेव्हा खोल्या महाग होतात आणि घाटावर मुंगीलाही वाट मिळत नाही. सप्तमीला दुपारनंतर पोचून त्रयोदशीच्या आत निघता आलं तर या दोन्हींच्या मधला काळ मिळेल. भाऊबीजेला लागून जाऊ नका.

राहायला अस्सी घाट. दक्षिणेच्या टोकाला आहे, गाडी बऱ्यापैकी जवळ येते, घाट मोकळा आहे. तिथे पहाटे ‘सुबह-ए-बनारस’ असतं : आरती, यज्ञ, शास्त्रीय गायन, योग. २०१४ पासून चालू आहे. लहान मुलांसाठी मला ही आरती दशाश्वमेधापेक्षा कितीतरी बरी वाटते. दशाश्वमेधाला जागा धरायला आधी जाऊन बसावं लागतं, मग शंख, घंटा, धूर. होडीतून बघायचं तर होड्या एकमेकींना खेटून बांधलेल्या असतात. मूल रडायला लागलं तरी आरती संपेपर्यंत उतरता येत नाही. सासूबाईंना मोठी आरती बघायची असेल तर एकाने त्यांच्यासोबत जावं, दुसऱ्याने मुलांजवळ थांबावं.

बाबागाडी घरीच ठेवा. गल्लीत समोरून सांड आला की तिचं काय करणार? धाकट्याला अंगाशी बांधायची पिशवी घ्या.

प्रतिसाद :

दर्शनाबद्दल. विश्वनाथ मंदिरात मोबाइल नेता येत नाही, लॉकरमध्ये ठेवावा लागतो. मुलांच्या मनगटावर आपण फोन नंबर लिहितो, पण तो फोन लॉकरमध्ये बंद असेल तर उपयोग शून्य. मनगटावर हॉटेलचाही नंबर लिहा, आणि चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आत जाण्याआधी ठरवा. देवळापासून गंगेपर्यंत जो नवा कॉरिडॉर केलाय, त्याच्या आवारात अहिल्याबाईंचा पुतळा आहे. लेकीलाही ती खूण पटकन लक्षात राहील. आजचं देऊळ त्यांनीच १७८० साली बांधलं, हे तिथेच उभं राहून सांगा.

सुगम दर्शनाचं (पैसे भरून, कमी रांगेत दर्शन) तिकीट मंदिराच्या संकेतस्थळावर मिळतं. सासूबाईंसाठी ते नक्की काढा. मोठ्या गर्दीच्या दिवशी ते बंद ठेवतात, म्हणून सोमवार टाळा. २०२१ मध्ये कॉरिडॉर खुला झाल्यापासून आत ऐसपैस चौक आहेत, पूर्वीसारखं अरुंद बोळात अडकून पडायला होत नाही. गंगेच्या बाजूनेही प्रवेश आहे, पण तिथे पायऱ्या बऱ्याच चढाव्या लागतात. गुडघ्यांचा विचार करता रस्त्याकडूनच जा.

आणि माकडं! चष्मा आणि हातातला खाऊ, दोन्ही सांभाळा.

प्रतिसाद :

मणिकर्णिकेबद्दल लिहितो. आम्ही काशीला गेलो तेव्हा माझा मुलगा तुमच्या लेकीच्याच वयाचा होता. टाळायचं ठरवलं तरी पूर्ण टळत नाही, कारण अस्सीहून दशाश्वमेधाकडे घाटाघाटाने चालत निघालात तर वाटेत हरिश्चंद्र घाट लागतो, तिथेही दहन चालतं. म्हणून आदल्या दिवशीच खोलीवर शांतपणे सांगून ठेवलं : माणूस गेला की त्याचं शरीर अग्नीला देतात, इथे दूरदूरहून लोक त्यासाठी येतात, घरचे लोक दुःखात असतात म्हणून आपण बोट दाखवायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. मग सकाळच्या होडीतून लांबून बघितलं. तो घाबरला नाही. ‘आपल्या आजीला पण असंच?’ एवढं विचारलं. मी हो म्हणालो. पायी मात्र नेऊ नका. धूर, लाकडांचे ढीग, आणि देणगीसाठी मागे लागणारी माणसं.

कललेलं रत्नेश्वर मणिकर्णिकेला लागूनच, सिंधिया घाटाशी आहे. होडीतून ते छान दिसतं. तिथून उत्तरेला भोसले घाट, पंचगंगा घाट. अस्सीहून होडी घेतलीत तर अहिल्याबाई घाट त्याआधीच, दशाश्वमेधाच्या अलीकडे लागेल.

एक सकाळ सारनाथसाठी ठेवाच. साधारण दहा किलोमीटर. धामेख स्तूपाभोवती मोकळी हिरवळ आहे, धाकट्याला मनसोक्त पळू द्या. शेजारच्या मृगवनात हरणं. संग्रहालयात अशोकस्तंभाचा सिंहशीर्ष आहे. लेकीच्या हातात एक नाणं द्या आणि सिंह ताडून बघायला सांगा. संग्रहालय शुक्रवारी बंद असतं.

धागाकर्ती :

सगळ्यांचे मनापासून आभार. छठचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तारखा बदलून बघतेय, शाळेची सुट्टी पुरतेय असं दिसतंय. सासूबाईंना अस्सीचं सांगितलं, त्या लगेच तयार झाल्या. मणिकर्णिकेबद्दल तुम्ही लिहिलंत ते नवऱ्यालाही वाचून दाखवलं. लेकीला आजोबांबद्दल निघण्याआधी घरीच सांगायचं ठरवलंय, सासूबाई जवळ असताना.

आता दोन गोष्टी राहिल्या. होडीत अडीच वर्षांच्या मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट मिळतं का, की इथूनच घेऊन जावं? आणि गंगापूजन सांगायला मराठी गुरुजी हवेत. ब्रह्माघाट, दुर्गाघाट भागात जुनी मराठी घरं आहेत असं ऐकलंय. तिथे कुणी पूजा करवून घेतली आहे का? सासूबाईंना उतरायला सोयीचा, कमी पायऱ्यांचा घाट कोणता, तेही सांगा.