लपवलेली नावं म्हणे नमकहरामी! (कालच्या पोस्टला उत्तर)

जॉयस्टिक जोशी:
काल एकांनी लिहिलं की जुन्या व्हिडिओ गेम्समधे डेव्हलपर्सनी लपवलेली नावं शोधत बसणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग, आणि ती लपवणारे म्हणजे मालकाच्या मिठाला न जागलेले नोकर. डोकंच फिरलं. तिथे लिहायला घेतलं तर आवरेना, म्हणून वेगळा धागा.

स्टारशिप १ घ्या. अटारी या अमेरिकन गेम कंपनीचं १९७७ चं आर्केड मशीन, म्हणजे नाणं टाकून खेळायचं. कंट्रोल्स ठराविक पद्धतीने धरून नाणं टाकलं की स्क्रीनवर 'हाय रॉन!' येतं आणि वर दहा गेम फुकट. हा रॉन म्हणजे रॉन मिलनर, अटारीच्या २६०० या घरी खेळायच्या कन्सोलच्या सुरुवातीच्या प्रोटोटाइपवर स्टीव्ह मेयरबरोबर काम केलेला माणूस. २०१७ मधे एड फ्राइजने (मायक्रोसॉफ्टमधे असताना एक्सबॉक्स या कन्सोलवर काम केलेला) हे उकरून जगापुढे आणलं. चाळीस वर्षं मशीनच्या पोटात स्वतःचं नाव पडून होतं! ज्या काळात खोक्यावर नाही, स्क्रीनवर नाही, कुठेच नाव नसायचं तेव्हा या माणसाने दुसरं करायचं काय?

खवचट खाडिलकर:
दुसरं काय म्हणजे? पगार घ्यायचा आणि गप घरी जायचं. अ‍ॅडव्हेंचरवाला वॉरन रॉबिनेट, म्हणजे अटारीसाठी तो गेम लिहिणारा प्रोग्रॅमर, वर्षाला २२ हजार डॉलर घेत होता, फुकट राबत नव्हता. ४ केबीची रॉम (गेम साठवलेली चिप), त्यातली पाचेक टक्के जागा साहेबांनी स्वतःच्या नावाच्या खोलीला वापरली, कोणाला पत्ता लागू दिला नाही आणि नोकरी सोडून गेले. उद्या तुमच्या बँकेच्या सॉफ्टवेअरमधे कोणी अशी गुप्त खोली बांधली तर चालेल का जोशीबुवा?

जॉयस्टिक जोशी:
अर्धीच गोष्ट सांगायची आणि टाळ्या घ्यायच्या. त्या गेमची कार्ट्रिज साधारण २५ डॉलरला, खपली दहा लाखांच्या घरात, आणि रॉबिनेटला रॉयल्टी शून्य. सॉल्ट लेक सिटीच्या एका पोराने ती खोली सापडल्याचं पत्र पाठवलं तेव्हा अटारीला कळलं. काढून का नाही टाकली मग? नवीन चिप बनवायचा खर्च कोण करणार! आणि डेव्हिड क्रेन वगैरे अटारीचे चौघं प्रोग्रॅमर नाव आणि पैसे मागायला गेले तर अटारीचा प्रमुख रे कसारने त्यांना हाकलल्यासारखंच केलं. १९७९ मधे त्यांनी अ‍ॅक्टिव्हिजन काढली, गेमवर डिझायनरचं नाव छापलं. अटारीच्या नाकावर टिच्चून.

पार्लरवाल्याचा भाचा:
नावाचं राहू द्या, ते दहा फुकट गेम कोणाच्या खिशातून गेले? पार्लरवाल्याच्याच ना? माझ्या मामाचं डोंबिवलीला गेम पार्लर होतं, मी गल्ल्यावर बसायचो. पोरं गॅसचा लायटर घेऊन यायची आणि कॉइन स्लॉटजवळ टिकटिक करायची, ठिणगीने क्रेडिट चढायचं, आणि लाइट बिल कोण भरणार तर मामा. इथे तर बनवणाऱ्यानेच चोरदरवाजा ठेवलाय आणि तुम्ही त्याचे पोवाडे गाताय.

जॉयस्टिक जोशी:
अहो चाळीस वर्षं ती ट्रिक लोकांना माहीतच नव्हती! कोणाचं दिवाळं निघालं सांगा.

पार्लरवाल्याचा भाचा:
रॉनच्या मित्रांनी खेळले नसतील कशावरून? आम्ही भोगलंय म्हणून बोलतोय. तुम्ही बहुतेक लायटरवाल्या पोरांपैकीच असणार.

कुर्ल्याचा कॅप्टन:
भाचेसाहेब, मामांच्या मशीनमधले बोर्ड ओरिजिनल होते का? आमच्याकडच्या पार्लरमधे निम्मे बोर्ड डुप्लिकेट, टायटल स्क्रीनवरून कंपनीचं नावच उडवलेलं. चोरीचा माल आणून त्यावर फुकट खेळणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडायची, वा!

पार्लरवाल्याचा भाचा:
मामांवर जायचं काम नाही. लॅमिंग्टन रोडवरून रोख पैसे मोजून आणले होते, बिल नसलं म्हणून काय झालं. तुम्हाला धंद्यातलं काय कळतं?

मृदुला_पुणे:
तुमचं लायटरपुराण संपलं असेल तर मूळ विषयावर येते. मी एका सॉफ्टवेअर सर्व्हिस कंपनीत होते. एक मॉड्यूल जवळपास एकटीने लिहिलं, फाइलच्या वर कॉमेंटमधे नाव टाकलं होतं. हँडओव्हरच्या आधी लीड म्हणाला सगळ्यांची नावं काढा, क्लायंटला आपण 'टीम' दिसलो पाहिजे. काढली. पुढे त्याच मॉड्यूलचं कौतुक झालं तेव्हा स्टेजवर लीड.

आणि खाडिलकरकाका, नोकरांचं सोडा, अख्खी कंपनी लपलीये. १९८१ च्या डाँकी काँग या गेमचा प्रोग्रॅम निन्टेन्डोने इकेगामी त्सुशिंकी या दुसऱ्या जपानी कंपनीकडून लिहून घेतला होता. रॉममधे मोडक्या इंग्रजीत मजकूर आहे, साधारण असा: अभिनंदन, हा अवघड प्रोग्रॅम उलगडत असाल तर आम्ही शिकवू. खाली फोन नंबर, एक्स्टेन्शनसकट! पुढे १९८३ मधे त्याच कोडवरून दोघांची कोर्टबाजी, १९९० ला तडजोड. शीर्षकावर मात्र फक्त निन्टेन्डो. रॉम उघडून बघणारे ते 'रिकामटेकडे' नसते तर सामान्य खेळणाऱ्याला इकेगामी हे नाव कळलं असतं का?

खवचट खाडिलकर:
वेरूळचं कैलास लेणं कोणी कोरलं? नाव आहे का कुठे? काम बोलतं ताई, नाव नाही.

कुर्ल्याचा कॅप्टन:
जरा खाली कर्नाटकात उतरा. होयसळ देवळांत मूर्तिकारांनी मूर्तीखाली स्वतःची नावं कोरलीत, मल्लितम्माचं नाव तर देवळादेवळांत सापडतं. आणि राजाने हात तोडले नाहीत त्याचे.

जॉयस्टिक जोशी:
+१. नामको कंपनीच्या झेव्हियस या गेममधे पण सुरुवातीला विमान उजव्या कडेला नेऊन बॉम्ब टाकत राहिलं की 'प्रोग्रॅम बाय ईव्हझू' येतं. म्हणजे गेम बनवणारा मासानोबू एंडो. तिथेही खरं नाव नाही, टोपणनावच.

खवचट खाडिलकर:
बरं बाबा, इकेगामीचं मान्य. तिथे कंपनीचा कंपनीशी व्यवहार होता, सही ठेवली तर ठेवली. मल्लितम्मालाही माझा नमस्कार. पण त्याने राजाच्या नजरेसमोर कोरलं, खोली बांधून पळाला नाही. रॉबिनेट माझ्या लेखी नोकरच.

मृदुला_पुणे:
लीड होता का हो तुम्ही कुठे?

पार्लरवाल्याचा भाचा:
दहा गेमचे पैसे कोण देणार ते अजून कोणी सांगितलेलं नाही.