धोरणविषयक संस्थेच्या अभिलेखागारात स्वयंसेवक म्हणून काम करावे का?

जिज्ञासू:
सार्वजनिक प्रश्नांवर व्याख्याने आणि चर्चासत्रे घेणाऱ्या एका संस्थेला अभिलेखागारासाठी स्वयंसेवक हवे आहेत. माझे शिक्षण राज्यशास्त्राचे आहे. जुने कागद विषयवार लावून देणे, एवढेच हे काम असते का?

दप्तरी:
विषयवार लावणे हेच तेथे कटाक्षाने टाळायचे असते. मसुदा, त्याच्या समासात कोणीतरी पेन्सिलीने नोंदवलेला आक्षेप आणि त्यामागे जोडलेला सुधारित मसुदा हे कागद चिटणिसाने ठेवले त्याच क्रमाने राहिले, तरच समितीचे मत कोठे बदलले हे पुढच्या अभ्यासकाला उमगते. एका कार्यालयाचे कागद दुसऱ्याच्या कागदांत मिसळू नयेत, हा दंडक फ्रान्समध्ये १८४१ च्या परिपत्रकाने घालून दिला आणि तो आजही पाळला जातो. सुरुवातीला तुमच्या वाट्याला गंजलेल्या टाचण्या काढणे, कागद आम्लमुक्त फोल्डरमध्ये ठेवणे आणि पेन्सिलीने क्रमांक घालणे अशी कामे येतील. ती कंटाळवाणी असतात, हे लपवण्यात अर्थ नाही.

कागदकीडा:
थोडी भर घालतो. अशा संस्थांच्या फायलींत थर्मल कागदावरचे, म्हणजे उष्णतेने अक्षरे उमटणाऱ्या कागदावरचे, जुने फॅक्स हमखास सापडतात; त्यांवरील अक्षरे उष्णतेने आणि प्रकाशाने पुसट होतात, म्हणून ते दिसताच प्रत काढण्यासाठी बाजूला काढावेत. साध्या कागदांसाठी सुती हातमोज्यांपेक्षा स्वच्छ, कोरडे हात बरे, कारण मोज्यांमुळे बोटांना कागदाचा अंदाज येत नाही आणि कडा फाटतात. छायाचित्रांना मात्र नायट्राइलचे, म्हणजे कृत्रिम रबराचे, हातमोजे घालूनच हात लावावा.

जिज्ञासू:
आभारी आहे. माझी राजकीय मते ठाम आहेत. त्यांची अडचण होईल का?

दप्तरी:
सूचीसाठी कागदांचे वर्णन लिहिताना होऊ शकते. ‘वादग्रस्त भाषण’ असे न लिहिता वक्ता, दिनांक, विषय आणि पृष्ठसंख्या नोंदवावी. छायाचित्रातील व्यक्तीची खात्री नसेल, तर ‘अनोळखी’ लिहावे, कारण सूचीत एकदा शिरलेले चुकीचे नाव लेखांतून पुढे पसरत जाते. खासगी पत्रे किंवा कर्मचाऱ्यांच्या तक्रारी हाती आल्यास तेथेच थांबून त्या अभिलेखपालांना दाखवाव्यात, कारण काही कागद ठरावीक मुदतीपर्यंत बंद ठेवण्याच्या अटीवरच देणगीदाखल आलेले असतात. होकार देण्यापूर्वी एवढे विचारून घ्या, की देखरेखीला प्रशिक्षित अभिलेखपाल आहेत का. नसतील, तर मी स्वतः हे काम स्वीकारणार नाही.