मदत हवी आहे: इफुगाओच्या डोंगरातल्या भातशेतकऱ्यांवर माहितीपट

नमस्कार मंडळी,

फिलिपिन्सच्या लुझोन बेटावर, उत्तरेकडच्या कॉर्डिलेरा डोंगरांत इफुगाओ नावाचा प्रांत आहे. तिथल्या भातशेतकऱ्यांवर साधारण १५ मिनिटांचा माहितीपट करायचं ठरतंय. कॅमेऱ्याला एक जण, आवाजाला एक जण आणि दिग्दर्शन-संकलन माझ्याकडे, एवढीच आमची टीम. फिलिपिन्समध्ये राहणारे किंवा आदिवासी भागात चित्रीकरण केलेले कुणी इथे असतील तर अनुभव हवेत.

इफुगाओतल्याच बानावेच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या भातखाचरांचे फोटो बहुतेकांनी पाहिले असतील. पण १९९५ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून घेतलेली खाचरं बाताद, बांगाआन, मायोयाओ, हुंगदुआन आणि नागाकादान इथली. बानावेच्या व्ह्यूपॉइंटवरून दिसणारी त्यात नाहीत. २००१ मध्ये हा वारसा धोक्यातल्या यादीत गेला, २०१२ मध्ये बाहेर आला. मधल्या काळात काय झालं ते फोटोंतून कळत नाही. मला तेच दाखवायचंय: बांध ढासळला की तो पुन्हा कोण उभारतं?

मनिलाला कामासाठी गेले होते तेव्हा बातादला जाऊन आले. एक बाई गुडघाभर चिखलात उभी राहून तण उपटत होती आणि तेच तण पायाने दाबून चिखलात गाडत होती, खत म्हणून. शेजारच्या खाचराच्या बांधाला भगदाड पडलेलं, दगड खालच्या खाचरात घरंगळलेले. मालक शहरात असतो, असं कळलं. वरच्याचा बांध फुटला की खालच्याच्या पिकात माती येते, त्यामुळे एकाने शेती सोडली की भोगतात सगळे. हे पाहिल्यापासून विषय डोक्यातून जात नाही.

म्हणून एकच घर आणि त्यांचा एकच बांध धरून चालायचा विचार आहे. खाचरांच्या वर कुटुंबांनी राखलेली झाडी असते, तिला मुयोंग म्हणतात. पाणी तिथे मुरतं आणि पाटाने खाली उतरतं. कापणीनंतरही खाचरात पाणी ठेवतात, कारण माती सुकली की तडे जातात, गांडुळं बांध पोखरतात आणि पाणी झिरपायला लागतं. १९८० च्या दशकात खाण्यासाठी म्हणून दक्षिण अमेरिकेतून देशात आणलेली गोगलगाय आता कोवळी रोपं फस्त करते. तिनावोन हे तिथलं पारंपरिक भात वर्षातून एकदाच येतं, त्यामुळे घरात पैसाही एकदाच. शिवाय रिवाजाने खाचरं मुख्यतः थोरल्या अपत्याकडे जातात. त्या थोरल्याला शहरात नोकरी लागली तर? माझ्या मते फिल्मचा गाभा इथे आहे.

आता अडलेल्या गोष्टी.

सगळ्यात मोठा प्रश्न: जायचं कधी? वर्षाअखेरीला रोपं टाकतात, जानेवारी-फेब्रुवारीत लावणी, कापणी साधारण जून-जुलैमध्ये, उंचावर आणखी उशिरा. कापणीला गेलो तर लोंब्या हाताने खुडणं, पेंढ्या बांधणं, पुरुषांनी त्या खांद्यावरून वाहून नेणं, सगळं मिळेल. पण बांधांची खरी डागडुजी कापणी आणि पुढच्या लावणीच्या मधे चालते, आणि त्यातले सुरुवातीचे महिने नेमके वादळांचे. दरडी कोसळून रस्ते बंद होतात. माझा कल डागडुजीकडे आहे, कॅमेरावाल्याचा कापणीकडे. त्या महिन्यांत कुणी त्या भागात राहिलंय का? एका खेपेत दोन्ही शक्य नाही, आणि दोन खेपांचं बजेट नाही.

दुसरं, परवानगी. १९९७ च्या कायद्यानुसार तिथल्या आदिवासी समाजाच्या भागात काही करायचं तर त्यांची आगाऊ, सगळं समजावून घेतलेली संमती लागते आणि त्यासाठी राष्ट्रीय आयोग आहे. आमच्यासारख्या छोट्या टीमला पूर्ण प्रक्रिया करावी लागते का, की गावचे ज्येष्ठ आणि बारांगाय कॅप्टन (आपल्या सरपंचासारखा गावप्रमुख) यांची लेखी परवानगी चालते? पळवाट शोधत नाहीये. लागत असेल तर तेवढे महिने आधी सुरुवात करू. व्हिसाचंही तेच. भारतीयांना २०२५ पासून पर्यटक म्हणून १४ दिवस विनाव्हिसा राहता येतं, पण चित्रीकरणाला ते पुरेसं नसावं असं वाटतं.

तिसरं, हुदहुद. पेरणी-कापणीला आणि मयताच्या जागरणात मुख्यतः बायका गातात ती दीर्घ गाथा. एक पूर्ण व्हायला कित्येक दिवस लागू शकतात. आम्ही दोन मिनिटं वापरणार, तर कुठून तोडायचं हे गाणाऱ्या बाईंनीच ठरवावं असं मला वाटतं. असं कुणी केलंय का? तुवाली बोलीतून इंग्रजीत सांगणारा दुभाषा गावातलाच तरुण असावा, की शेजारच्या गावचा, म्हणजे मुलाखत देणाऱ्याला संकोच वाटणार नाही? मानधन घराला द्यावं की गावाच्या बांध-दुरुस्तीला?

चौथं, वयाचा मुद्दा. खाचरं २००० वर्षं जुनी असं सर्वत्र लिहिलेलं असतं आणि गावात त्याचा अभिमान आहे. पुरातत्त्वज्ञ स्टीफन आकाबादो यांच्या टीमच्या उत्खननानुसार तिथली पाणभातशेती सुमारे ४०० वर्षांपूर्वीची, स्पॅनिश आल्यानंतर लोक डोंगरात वर सरकले तेव्हा वाढलेली. त्याआधी तिथे अळकुडीची लागवड. मला ही गोष्ट जास्त मोठी वाटते: स्पॅनिशांचा ताबा नको म्हणून लोकांनी डोंगरच शेतीला लावला. पण पाहुणे म्हणून जाऊन हे त्यांच्यासमोर मांडायचं कसं?

आवाजाबद्दल छोटी शंका: सगळीकडे पाण्याचा खळखळाट आणि ओल. कॉलर माइक कपड्यात ओले होतात, बूम (लांब दांडीवरचा माइक) धरून निसरड्या बांधावर चालता येत नाही. काय वापरलंत?

आणि फिलिपिन्समधल्याच लॉस बान्योसच्या भात संशोधन संस्थेत काम केलेलं मराठी कुणी असेल तर जरूर व्यक्तिगत निरोप करा. तिनावोनच्या बियाण्यावर बोलू शकेल असं माणूस शोधतेय, शक्यतो इफुगाओमधलंच. तारखा कापणीनुसार की डागडुजीनुसार धरायच्या, हे मात्र आधी सांगा. बाकी सगळं त्यावर अडलंय.