कढीपत्त्याचे फुटवे वेगळे करून लावायचे आहेत

अंगणवेडी:
नमस्कार. आमच्या परसात कढीपत्त्याचे जुने झाड असून त्याच्याभोवती जागोजागी फुटवे आले आहेत. काही तर फरशीच्या सांध्यांतूनही वर येऊ लागले आहेत. ते शेजारीपाजारी द्यावेत असा विचार आहे, परंतु उन्हाळ्यात शेजाऱ्यांनी उपटून नेलेला फुटवा लगेच वाळला. योग्य वेळ आणि पद्धत कोणती?

मातीमित्र:
आधी बुडाची माती बोटाने बाजूला सारून तो फुटवाच आहे की बियांपासून उगवलेले रोप, ते पाहावे. पिकलेली काळसर फळे झाडाखाली पडून रुजतात. अशा रोपाचे सोटमूळ सरळ खाली जाते, तर फुटवा झाडाच्या आडव्या मुळावर उभा असतो. त्याला स्वतःची तंतुमुळे फार थोडी असल्यामुळे तो उपटला की पाने पाणी मागत राहतात आणि ते पुरवायला खाली काहीच उरत नाही.

पावसाने जमीन चांगली भिजल्यावर वीत-दीड वीत उंचीचा फुटवा निवडून मुख्य झाडाच्या बाजूचे आडवे मूळ धारदार कात्रीने तोडावे, मात्र फुटवा जागचा हलवू नये. माती लोटून तीन-चार आठवडे तसाच राहू दिला म्हणजे तो स्वतःची मुळे धरतो. मग मातीच्या हुंडीसकट, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट काढून, निम्मी पाने खुडून, सावलीत लावावा. घाई करणाऱ्यांचे फुटवे बहुधा याच मधल्या टप्प्यावर जातात.

कुंडीवाली:
वरील पद्धत योग्यच आहे. कुंडीत लावताना तळाचे छिद्र मोकळे ठेवावे, कारण कढीपत्त्याला साचलेले पाणी सोसत नाही, आणि नवी पालवी दिसेपर्यंत खत देऊ नये. सुरुवातीला जुनी पाने पिवळी पडून गळतात. तेवढ्यावरून रोप मेले असे समजू नये. खोडाची साल नखाने किंचित खरवडावी, आत हिरवे दिसले तर धीर धरावा. पालवी आल्यावर मात्र लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्यांवर लक्ष ठेवावे, त्या कोवळे रोप बघता बघता बोडके करतात.

अंगणवेडी:
आभारी आहे. फरशीच्या सांध्यांतील फुटव्यांचे काय करावे?

मातीमित्र:
तेथून मातीची हुंडी निघणार नाही, त्यामुळे ते लावण्याचा खटाटोप करू नये. जमिनीलगत कापून पाने फोडणीला वापरावीत. त्यांच्यासाठी फरशी उकरून मुळे दुखावलीत, तर त्याच मुळांना आणखी फुटवे येतील.