घरात मॉडेल रेल्वेचा लेआउट: दहा बाय अकराची खोली, भोर घाट हवाय. सल्ला द्या

घाटवेडा_डोंबिवली:
नमस्कार मंडळी. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि तिची खोली अर्धी माझ्या ताब्यात आली (परवानगी तोंडी आहे, लेखी नाही). पलंग आणि कपाट हलणार नाही. आठ बाय चारचा प्लाय टाकून त्यावर एचओमध्ये (खऱ्याच्या १:८७ मापात) कर्जत ते खंडाळा करायचं डोक्यात आहे: बोगदे, चढ, मागून बँकर, म्हणजे जादा इंजिन, ढकलतोय अशी गाडी. बाबा रेल्वेत गार्ड होते. २०२२ पासून त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण ते घरात बोलायचं नाही. वय ८१, त्यामुळे काम पाच-सात वर्षं रेंगाळायला नको. सुरुवातीचं बजेट तीस हजार. एचओ की त्याहून बारकं एन? डीसी (रुळातल्या विजेवर सगळी इंजिनं एकत्र) की डीसीसी (प्रत्येक इंजिनाला वेगळा हुकूम)?

खडीवाला:
आधी टेप घ्या, इंजिन मग. आपला हात अडीच फुटांच्या पुढे पोचत नाही. चार फूट रुंद टेबल भिंतीला टेकवलंत, की मागच्या कोपऱ्यात घसरलेला डबा उचलायला टेबलावर रांगत जायचं. आणि डबा घसरतो तो मागच्याच कोपऱ्यात, बोगद्यात.

आता घाट. भोर घाटातला सर्वांत कडक चढ १:३७. एचओत एका रुळावरून दुसरा न्यायला साधारण साडेसात सेंमी उंची लागते. म्हणजे चढायला पावणेतीन मीटर, उतरायला तेवढेच. आठ बाय चारवर कडेकडेने फिरून रूळ बसतो जेमतेम सहा मीटर. सगळा चढउतारातच गेला, स्टेशनला सपाट जागा कुठली? त्यात खरा एलएचबी (नव्या धाटणीचा प्रवासी) डबा साडेतेवीस मीटरचा. ८७ने भागा, २७ सेंमी. बावीस डबे लावले तर इंजिन स्वतःच्याच शेवटच्या डब्याला धडकेल. चारच्या वर जाऊ नका.

नऊमिमी:
म्हणून एन घ्या म्हणतो. १:१६०, रुळांमधलं अंतर ९ मिमी. काटो कंपनीचे रूळ खडीसकट येतात, एकात एक खटकन बसतात, आणि २४९ मिमी त्रिज्येचं वळण अर्ध्या मीटरमध्ये पुरं फिरतं. तुमच्या जागेत घाट खरोखर बसेल. पण भारतीय माल एनमध्ये शोधत बसावा लागतो, आणि माझे स्वतःचे डबे मी चष्मा लावूनही दुसऱ्या खेपेला रुळावर चढवतो.

घाटवेडा_डोंबिवली:
मग एन बाद. बाबांचे हात थरथरतात.

सुतारपक्षी:
रत्नागिरीकर आहे, तेव्हा पावसाळ्यावर बोलायचा हक्क माझा. साध्या कमर्शियल प्लायवर पहिला लेआउट केला. श्रावण येईस्तोवर मध्यभागी असा बाक आला की सोडलेला डबा आपोआप तिथे जाऊन थांबायचा. बारा मिमीचा मरीन प्लाय घ्या, खाली दर दीड फुटाला लाकडी पट्टी, आणि कापलेल्या कडांना रंग किंवा वॉर्निश माराच. ओल कडेतूनच शिरते.

दुसरं, वीज फिशप्लेटच्या (दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीच्या) भरवशावर सोडू नका. माझं इंजिन एकाच जागी मंदावायचं. मी कंट्रोलर बदलला, चाकं पुसली, इंजिन उघडून बसलो. निघाली काय, तर एक ढिली, काळवंडलेली फिशप्लेट! दर तीन फुटांना रुळाला खालून वायर डाखून मुख्य वायरीला जोडा. एक रविवार जातो, पण पुढचे दहा वाचतात.

खडी टाकताना फेविकॉल आणि पाणी निम्मंनिम्मं, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब. साबण नसेल तर पाणी खडीवर मण्यांसारखं उभं राहतं, ड्रॉपरने सोडलेला थेंब खडे घेऊन घरंगळतो. आधी स्प्रेने खडी ओली करा, मग थेंब सोडा, तो आत मुरताना दिसतो. सांध्याच्या (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागेच्या) हलत्या पात्यांजवळ मात्र हात आखडता. तिथे फेविकॉल वाळला की सांधा कायमचा मेन लाइनला.

नऊमिमी:
डीसीच पुरे. एका रुळावरची दोन्ही इंजिनं एकाच हुकमावर धावतात, बँकरला तेच हवं असतं. फक्त दोघांचा वेग सारखा हवा, म्हणून एकाच जातीची घ्या. बँकर सोडायचा तर तेवढ्या तुकड्याची वीज तोडायला एक स्विच. आणि पाहुण्यांतला एखादा वाकून सांगेलच, की आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी, एचओत ते १९ मिमीच्या वर जातं, तुमचे रूळ साडेसोळाचे. त्याला चहा द्या.

खडीवाला:
कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय पाहिलंत का? १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. मुलीला भेटायला जाताना बाबांना घेऊन जा.

आणि माझं ऐकाल तर पहिलं वर्ष घाट बाजूला ठेवा. कपाटाशेजारच्या भिंतीला सहा फुटी, फूटभर रुंद फळी ठोका. त्यावर इंग्लंडातला जुना शंटिंगचा (डबे जोडायचा-सोडायचा) डाव, इंगलनूक. तीन सायडिंग (डबे उभे करायचे बाजूचे रूळ), एकीत मालगाडीच्या पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोघींत तीन-तीन. एकूण वाघिणी आठ. चिठ्ठ्या काढायच्या आणि निघालेल्या क्रमाने पाच वाघिणींची गाडी लावायची. दोन सांधे, एक छोटं इंजिन, बस. तीस हजारांत होईल, आणि ८१ वर्षांच्या माणसाला खुर्चीत बसून खेळता येईल. घाट पुढे कराल तेव्हा एकच सांगतो. गाडी वळवायला रुळाचा फास टाकलात तर डावा रूळ फिरून उजव्याला भिडतो आणि शॉर्ट होतो. खंडाळ्याजवळ पूर्वी रिव्हर्सिंग स्टेशन होतं, तसं पुढे जाऊन उलटं निघायचं केलंत तर शॉर्टचा प्रश्नच येत नाही.

घाटवेडा_डोंबिवली:
फळी ठरली. बाबांना डाव कागदावर काढून दाखवला. त्यांनी चष्मा वर करून एवढंच विचारलं, "ब्रेकव्हॅन कुठाय?"

खडीवाला:
बरोबर विचारलं. आठातली एक वाघीण काढून ब्रेकव्हॅन, म्हणजे गार्डचा डबा, घ्या. ती नेहमी शेवटी, चिठ्ठ्या उरलेल्या सातांच्याच. ६७२० क्रमांचे ८४० होतील. रोज एक लावला तरी दोन वर्षं पुरून उरतात.