डायर वुल्फ खरंच परत आलाय की करड्या लांडग्यालाच ते नाव दिलंय?

लांबपल्ला

नमस्कार मंडळी. एप्रिल 2025 मध्ये ती बातमी आली होती ना, कोलोसल बायोसायन्सेस नावाच्या अमेरिकन कंपनीने हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेला, लांडग्यासारखा डायर वुल्फ परत जन्माला घातला म्हणून. पांढरीशुभ्र तीन पिल्लं, रोम्युलस, रीमस आणि खलीसी, त्यातला रीमस टाइमच्या कव्हरवर पण आला होता. मुलगी अकरावी सायन्सला आहे, तिला प्रोजेक्टसाठी हाच विषय घ्यायचाय. आम्ही दोघं वाचायला बसलो तर एक शास्त्रज्ञ म्हणतो हा डायर वुल्फ आहे, दुसरा म्हणतो अजिबात नाही, तिसरा म्हणतो तुम्ही प्रजाती कशाला म्हणता त्यावर आहे, आणि शेवटी आमच्या हाती काहीच लागत नाही.

त्यात फॅमिली ग्रुपवर एका काकांनी वेगळाच मुद्दा काढलाय. ते म्हणतात लॅबमध्ये 20 बदल करून वर्षा-दोन वर्षांत जुना प्राणी तयार होतो, मग लाखो वर्षांची उत्क्रांती वगैरे कशाला लागते, म्हणजे डार्विनचं काहीतरी चुकलंच. मला हे पटत नाही पण उत्तरही देता येत नाहीये. कोणी या विषयातलं असेल तर नीट समजावून सांगा, मुलीला दाखवणार आहे.

जनुकवाली

मी प्राण्यांच्या जनुकांवरच काम करते त्यामुळे ही बातमी आली तेव्हापासून मलाही हा प्रश्न विचारून लोकांनी भंडावून सोडलंय. सरळ उत्तर: नाही. ते जनुकं बदललेले करडे लांडगे आहेत. काम हुशारीचं आहे, त्यात शंका नाही, पण डायर वुल्फ नाही.

आधी केलं काय ते सांगते, कारण बातम्यांमध्ये हेच नीट येत नाही. दोन अवशेष होते, ओहायोतला एक सुमारे 13,000 वर्षं जुना दात आणि आयडाहोतली सुमारे 72,000 वर्षं जुनी कवटी. त्यांतून जुना डीएनए काढून वाचला. मग जिवंत करड्या लांडग्याच्या रक्तातल्या पेशी घेतल्या, क्रिस्परने, म्हणजे डीएनए हव्या त्या जागी बदलायच्या तंत्राने, त्यांच्यात 14 जनुकांमध्ये मिळून 20 ठिकाणी बदल केले, त्या पेशींची केंद्रकं कुत्रीच्या रिकाम्या केलेल्या बीजांडात घातली, आणि तयार झालेले गर्भ कुत्रींच्या गर्भाशयात वाढवले. म्हणजे डायर वुल्फचा डीएनए त्या पिल्लांमध्ये गेलेलाच नाही, तो वाचून त्याप्रमाणे लांडग्याच्या डीएनएत फेरफार केलाय. ही गोष्ट मुलीला पहिल्या पानावर लिहायला सांगा.

आता आकडे बघा. लांडग्याचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, साधारण 2.4 अब्ज अक्षरांचा (डीएनएच्या एकेका घटकाला अक्षर म्हणूया). कंपनी म्हणते दोन्ही प्राणी 99.5 टक्के सारखे. ठीक, तेच धरू. उरलेला अर्धा टक्का म्हणजे सव्वा कोटीच्या आसपास फरक, त्यातले 20 केले. ते फरक सगळेच महत्त्वाचे नसतात हे मान्य, बरेचसे काहीही परिणाम न करणारे असतात, पण महत्त्वाचे नेमके 20 आहेत असं कोणीच दाखवलेलं नाही. माणूस आणि चिंपांझीतला एकेका अक्षराचा फरक साधारण सव्वा टक्का आहे, तिथे चिंपांझीत 20 अक्षरं बदलून कोणी माणूस झाला असं म्हणणार नाही.

आणि त्या 20 मधलेही सगळे डायर वुल्फचे नाहीत बरं का. 15 बदल डायर वुल्फच्या डीएनएवरून घेतलेत. उरलेले 5 आपल्याला कुत्र्या-लांडग्यांमध्ये आधीपासून माहीत असलेले, मुख्यतः फिकट रंगासाठी. असं का केलं ते खरंच वाचण्यासारखं आहे. डायर वुल्फच्या रंगाच्या जनुकांमध्ये जे प्रकार सापडले ते करड्या लांडग्यात घातले तर बहिरेपण, आंधळेपण येण्याचा धोका होता. म्हणून ते टाळले आणि पांढऱ्या रंगासाठी दुसरी वाट धरली. पिल्लांच्या दृष्टीने बरोबरच केलं. पण याचा अर्थ काय होतो बघा, जो बदल डायर वुल्फच्या अंगात सुखाने नांदत होता तोच बदल करड्या लांडग्याच्या अंगात घातक ठरू शकतो. जनुक एकटं काम करत नाही, आजूबाजूच्या हजारो जनुकांसोबत करतं, आणि ती सोबतच इथे नाहीये.

रानवाटा

जनुकवाली ताई, बहुतेक पटलं पण एक बाजू राहतेय. जीवाश्मवाले तर नुसती हाडं बघूनच प्रजाती ठरवतात ना, डीएनए बहुतेक वेळा मिळतच नाही. कंपनीचं म्हणणं तेच होतं की दिसायला-आकाराला तसा असेल तर डायर वुल्फ म्हणायला काय हरकत आहे. मग त्यांना वेगळा नियम का? मी जंगलात फिरणारा माणूस आहे, मला प्राणी दिसतो तसा ओळखायची सवय आहे म्हणून विचारतोय.

जनुकवाली

रानवाटा दादा, चांगला प्रश्न आहे. हाडांवरून ओळखतात हे खरं, पण किती हाडांवरून ते बघा. लॉस एंजेलिसच्या ला ब्रेआ डांबराच्या खड्ड्यांतून 4,000 पेक्षा जास्त डायर वुल्फांचे अवशेष निघालेत. तिथल्या म्युझियममध्ये एक अख्खी भिंत आहे, मागून पिवळसर उजेड सोडलेला आणि त्यावर ओळीने 404 कवट्या मांडलेल्या. कवटीची रुंदी, दातांची ठेवण, जबड्याचा जाडपणा, असं सगळं मोजून, शेकडो नमुन्यांची तुलना करून तो प्राणी ओळखला गेलाय. बातमी आली तेव्हा यातली दोन पिल्लं सहा महिन्यांची होती आणि तिसरी जेमतेम दोन महिन्यांची. त्यांच्या कवट्या वाढायच्याच होत्या. शिवाय डायर वुल्फचा रंग हाडांवरून कळत नाही, आणि लोकांनी 'तसाच दिसतो' म्हटलं ते मुख्यतः पांढरा रंग बघून.

दुसरं म्हणजे हाडांवरून जे ठरलं होतं ते डीएनए मिळाल्यावर बदललं, आणि हा भाग मला सगळ्यात आवडतो. शंभरेक वर्षं बहुतेकांचं मत होतं की डायर वुल्फ हा करड्या लांडग्याचा जवळचा भाऊबंद, फक्त थोराड. ला ब्रेआतल्या हाडांतून डीएनए काही निघेना. मग इतर ठिकाणच्या पाच नमुन्यांतून तो मिळाला आणि जानेवारी 2021 मध्ये नेचर या विज्ञानपत्रिकेत पेपर आला, त्यात दिसलं की हा वंश सुमारे 57 लाख वर्षांपूर्वीच वेगळा झाला होता आणि अमेरिकेत लांडगे आणि कायोटी (लांडग्याचा छोटा नातलग) यांच्या शेजारी राहूनही त्यांच्याशी संकर झाल्याची खूण नाही. त्यामुळे आता त्याला कॅनिस या लांडग्यांच्या गटातून काढून एनोसायन या वेगळ्या गटात ठेवतात. कोलोसलच्या लोकांनी नंतर जास्त डीएनए वाचून यातल्या काही गोष्टींना आव्हान दिलंय, ते म्हणतात नातं थोडं जवळचं आहे आणि वंशात जुना संकर आहे. ते काम ऐकून घेण्यासारखं आहे, पण क्रम बघा ना, आधी मासिकांची कव्हरं झळकली आणि प्रीप्रिंट, म्हणजे इतर तज्ज्ञांनी तपासण्याआधीचा पेपर, काही दिवसांनी आला. तोपर्यंत बाहेरच्या कोणाला तपासायची सोयच नव्हती. माझा खरा राग त्यावर आहे.

आणि लांबपल्ला, शास्त्रज्ञांचं एकमत नाही असं जे तुम्हाला वाटतंय तसं चित्र नाहीये. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या श्वानकुळाच्या तज्ज्ञगटाने एप्रिल 2025 मध्येच लेखी सांगितलं की हे डायर वुल्फ नाहीत आणि त्यांची जागा घेणारे पर्यायही नाहीत. मे महिन्यात तर कंपनीच्याच मुख्य शास्त्रज्ञ बेथ शापिरो न्यू सायंटिस्ट मासिकाशी बोलताना म्हणाल्या की हे 20 बदल केलेले करडे लांडगेच आहेत. कंपनी अजून जुनं नाव सोडत नाही, ही गोष्ट वेगळी.

लांबपल्ला

बापरे, हे तर कुठेच इतकं सलग वाचलं नव्हतं. रंगाच्या जनुकांचं तर मुलीने लगेच वहीत उतरवून घेतलं. आता काकांचं काय करू ते सांगा 🙂

जनुकवाली

काकांना सांगा की ते 15 बदल लॅबमध्ये कोणाला सुचलेले नाहीत, ते वाचून घेतलेत. ते तयार झाले लाखो वर्षांत, पिढ्यान्‌पिढ्या, ज्या प्राण्यांना ते बदल झेपले ते जगले, झेपले नाहीत ते गेले. उत्तर शोधायला लागलेला वेळ आणि तयार उत्तर उतरवून घ्यायला लागलेला वेळ एकच कसा असेल? आणि उतरवतानासुद्धा रंगाच्या ठिकाणी अडलंच की. उत्क्रांती झाली नसती, प्रत्येक जनुक सुटं सुटं बनवून बसवलेलं असतं, तर ते इकडून काढून तिकडे सरळ बसायला हवं होतं. तसं होत नाही कारण दोन्ही वंशांत जनुकं आपापल्या सोबत्यांशी जुळवून घेत वेगवेगळ्या वाटेने बदलत गेली. काकांनी जे उदाहरण उत्क्रांतीविरुद्ध दिलंय ते खरं म्हणजे तिच्या बाजूचं आहे.

थोडक्या बदलांनी मोठा फरक दिसू शकतो हे मात्र काकांचं बरोबर आहे. कुत्र्यांमध्ये आयजीएफ-1 या एका जनुकाचा शरीराच्या आकारावर मोठा परिणाम होतो, इथेही आकारासाठी एलसीओआरएल नावाच्या जनुकात बदल केलाय. पण आकार आणि केस म्हणजे प्राणी नव्हे, पचन, प्रतिकारशक्ती, वास घेणं, पिल्लांना वाढवणं, सगळं उरतंच.

तळटीप

मी शास्त्रज्ञ नाही, पर्यावरणाच्या कायद्यांवर काम करतो, म्हणून यातली एक गोष्ट इथे मांडावीशी वाटते कारण मला ती वैज्ञानिक वादापेक्षा जास्त गंभीर वाटते. बातमी आली त्याच दिवसांत अमेरिकेचे गृहखात्याचे मंत्री, म्हणजे तिकडे जंगलं, वन्यजीव बघणारं खातं, डग बर्गम यांनी जाहीर पोस्ट टाकून या कामाचं कौतुक केलं, आणि सूर असा की धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत नावं वाढवण्यापेक्षा कमी होतील ते बघू, नियमांपेक्षा नव्या तंत्रज्ञानाने प्रजाती वाचतात. धोक्यातल्या प्रजातींचा 1973 चा तो अमेरिकन कायदा प्राण्यासोबत त्याचा अधिवासही राखतो. प्राणी कधीही परत बनवता येतो असं एकदा लोकांना वाटलं की जंगल कशाला राखायचं हा प्रश्न कोणीतरी विचारणारच, आणि खाणवाले-रस्तेवाले आधी विचारतील.

शेजारीच उदाहरण आहे. लाल लांडगा, 1980 मध्ये जंगलातून संपला, 14 प्राण्यांच्या वंशावर पिंजऱ्यात जगवला, 1987 पासून नॉर्थ कॅरोलायनात परत सोडला. आज मोकळ्या रानात वीसेक असतील. ते गाड्यांखाली आणि बंदुकीच्या गोळीने मरतात. तिथे जनुकात कितीही बदल करा, रस्ता ओलांडायला भुयार नसेल तर काय उपयोग?

रानवाटा

तळटीप, हे अगदी मनातलं बोललात. आणि पिल्लांचंही वाईट वाटतं, कुंपणात वाढतायत, शिकार कशी करायची, कळपात कसं राहायचं हे शिकवायला आई-बाप नाहीत. खरा डायर वुल्फ असता तरी शिकला कोणाकडून असता?

जनुकवाली

सहमत. फक्त एक जोडते, नाहीतर मुलीला वाटेल हे तंत्रच वाईट. काळ्या पायांचा फेरेट बघा, मुंगसासारखा दिसणारा छोटा अमेरिकन प्राणी, 1981 मध्ये वायोमिंगमध्ये शेवटची वसाहत सापडली, आजचे सगळे फेरेट त्यातल्या सातच प्राण्यांचे वंशज. विला नावाच्या मादीचा वंश पुढे चालला नाही पण तिच्या पेशी 1988 मध्ये गोठवून ठेवल्या होत्या. त्यावरून डिसेंबर 2020 मध्ये एलिझाबेथ अ‍ॅन ही क्लोन जन्मली. नंतरच्या एका क्लोनला, अँटोनियाला, 2024 मध्ये पिल्लंही झाली. म्हणजे हरवलेली जनुकं जिवंत प्रजातीत परत आली. तिथे कोणी नामशेष प्राणी परत आणल्याचं सांगत नाही, आणि अधिवास राखायचं, लसी द्यायचं काम बाजूला चालूच आहे.

लांबपल्ला, प्रोजेक्टमध्ये हे दोन्ही समोरासमोर ठेवायला सांगा. मांडणी करून झाली की इथे टाका, मी वाचून देईन. आणि पिल्लांचा फोटो लावणार असेल तर खाली 'जनुकं बदललेला करडा लांडगा, वय अमुक महिने' असं लिहू दे.

लांबपल्ला

नक्की. ती म्हणतेय तक्त्यात तिसरा रकाना लाल लांडग्याचा पण करते. रविवारपर्यंत टाकतो.