महाबळेश्वर ते पुणे: स्पोक तुटलाय, चेन उडी मारतेय

घाटवेडा: कन्याकुमारीपासून सायकलने घाटाघाटाने आलोय, आज महाबळेश्वर. मागच्या चाकाचा एक स्पोक गिअरच्या बाजूने तुटलाय, चढाला चेन उडी मारते. 32 स्पोक, रिम ब्रेक, सामान 18 किलो. पुण्यापर्यंत निघेल का?

कात्रजकर: निघेल, पण आधी चाक सरळ करा. तुटका स्पोक शेजारच्याला गुंडाळून टेप लावा. रिम डावीकडे ओढली गेली असेल; तुटक्याच्या लगतचे दोन स्पोक डाव्या बाजूचे असतात, तेच चौथाई-चौथाई आटा सैल करा. गिअरच्या बाजूचे आवळत बसू नका, त्यांच्यावर मुळातच ताण जास्त, दुसराही जाईल. जड सामान पुढे घ्या.

चेनसाठी आधी गिअर केबलचा ताण तपासा. मग 24 दुवे मोजा: नवी 304.8 मिमी, 307 च्या पुढे म्हणजे संपली. तरी वाटेत नुसती चेन बदलू नका! झिजलेल्या कॅसेटवर (मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांवर) नवी चेन जास्तच उडते. दोन्ही पुण्यात एकदम बदला.

पायडलवारी: वाईकडे उतरताना पसरणी घाटात ब्रेक धरून ठेवू नका, रिम तापून ट्यूब फुटते. वळणाआधी जोरात दाबा, सोडा. निघण्यापूर्वी ब्रेकपॅड बघा, रबरात रुतलेले ॲल्युमिनियमचे चमकते कण सुईने उकरून काढा. तेच रिम खातात. वाईहून मांढरदेव-भोर रस्ता शांत, पण या चाकावर तो चढ नकोच. शेवटी कात्रजचा नवा बोगदा टाळा, शिंदेवाडीहून जुना घाट धरा.